‘निरंक’ या शब्दापलीकडे : ‘कोवळी पानगळ’, अडीच किलोची रेषा आणि कमी वजनाचे बाळ

राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमसंस्कार शिबिरात देवगड तालुक्यातील एका गावाची आरोग्यविषयक माहिती संकलित करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले होते. प्रपत्रात ‘गेल्या वर्षातील बालमृत्यू’ असा एक रकाना होता. विद्यार्थ्यांनी तेथे ‘निरंक’ असे लिहिले आणि पान उलटले. माहिती खरी होती. मात्र ज्या घरी आम्ही पाणी प्यायलो, त्याच घरच्या दोन महिन्यांच्या मुलीचे जन्मवजन तिच्या आईजवळच्या कार्डावर २१०० ग्रॅम असे नोंदलेले होते. आमच्या प्रपत्रात त्या आकड्यासाठी जागाच नव्हती. ते प्रपत्र तयार करणाऱ्यांत प्रस्तुत लेखिकाही होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

ही केवळ प्रपत्राची उणीव नव्हे. महाराष्ट्रात बालआरोग्याविषयी गेल्या तीन-साडेतीन दशकांत मराठीत जे बोलले व लिहिले गेले, त्याची घडणच अशी आहे की बाळ मेले तर ते नोंदीत येते. कमी वजनाचे जन्मून जगले तर ते नोंदीबाहेर राहते. या घडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखिका भाषा व साहित्याची अध्यापक आहे. वैद्यकशास्त्रात निर्णय देण्याचा तिचा अधिकार नाही. परंतु अहवाल, नोंदवही, कार्ड, तक्ता याही संहिताच असतात. त्यांत काय मोजले गेले आणि काय मोजण्याचे राहिले, हा वाचनाचा प्रश्न आहे, आणि वाचन हे आपल्या विद्याशाखेचे काम आहे.

‘पानगळ’ ही प्रतिमा

१९९२ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. पाठोपाठ अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाच्या बातम्या येऊ लागल्या. तेव्हापासून ‘कुपोषण’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रूढ झाला आणि त्या शब्दाबरोबर एक भूगोलही रूढ झाला. तो भूगोल डोंगराचा, पाड्याचा, तुटलेल्या रस्त्याचा आणि पावसाळ्याचा होता. या पार्श्वभूमीवर डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेऊन तेरा स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने बालमृत्यूंची प्रत्यक्ष गावोगाव मोजणी केली. २००१ साली तिचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झाला. राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात मांडला होता. शासकीय यंत्रणेच्या नोंदीत त्यांतील फार थोडे मृत्यू उमटतात, हेही त्याने दाखवून दिले. २००३ साली शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. एका मराठी अहवालाने शासनाला स्वतःचे आकडे पुन्हा तपासावयास लावावेत, ही आपल्या वैचारिक लेखनाच्या इतिहासातील सामान्य घटना नव्हे.

अहवालाच्या नावाकडे मात्र थोडे थांबून पाहावयास हवे. पानगळ हा निसर्गक्रम आहे. शिशिरात पाने गळतात, वसंतात नवी येतात. त्यात कोणाचा दोष नसतो. परंतु निसर्गात गळतात ती पिकली पाने. कोवळे पान गळले तर झाडाला काहीतरी झालेले आहे असे समजावे लागते. म्हणजे या नावातील विशेषण नामाला छेद देते, आणि अहवालाचे सारे म्हणणे त्या छेदात आहे : हे मृत्यू क्रमाने आलेले नाहीत, ते टाळता येण्याजोगे आहेत. पुढे झाले ते असे की वृत्तपत्रांनी हे नाव उचलले, दर पावसाळ्यात मथळ्यासाठी ते वापरले आणि वापरता वापरता विशेषण झिजले. उरली ती पानगळ. पाऊस आला की ओढे भरतात, तशी पानगळ होते, असा काहीसा अर्थ त्यातून वाचकाच्या मनात रुजत गेला. प्रतिमा तयार करणाऱ्याचा यात दोष नाही. पण लोकप्रिय झालेली प्रतिमा तिच्या कर्त्याच्या हाती राहत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पानगळीच्या प्रतिमेत फक्त गळलेले पान दिसते. जे पान झाडावर राहिले पण पुरते उमलले नाही, त्याला या प्रतिमेत स्थान नाही. आमच्या देवगडात ही गोष्ट पटकन कळावी. मोहोर आणि कैरी गळते तेव्हा बागायतदार हळहळतो. परंतु हंगामाचा हिशेब तो गळलेल्या फळांवर करीत नाही. झाडावर राहिलेले फळ किती ग्रॅमचे भरले, यावर त्याची प्रतवारी ठरते आणि प्रतवारीवर पेटीचा भाव. ज्या गावात हापूसच्या फळाचे वजन इतक्या काटेकोरपणे पाहिले जाते, तेथे बाळाच्या वजनाविषयी आपण ‘बारीक आहे, पण ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानतो.

गडचिरोलीचे यश आणि त्याची मर्यादा

‘कोवळी पानगळ’च्या मागे जे काम उभे होते ते गडचिरोलीचे. ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीतील गावांत ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांतील ४२ टक्के बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय काळजीची गरज होती. प्रत्यक्षात ती मिळाली फक्त २.६ टक्क्यांना. यानंतर गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपान जमते की नाही ते पाहणे, वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे त्यांनी घरोघरी केली. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ च्या डिसेंबरात हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाचे वैचारिक महत्त्व त्याच्या वैद्यकीय महत्त्वाइतकेच मोठे आहे असे मला वाटते. तोवर दोन टोकाच्या भूमिका प्रचलित होत्या. एक म्हणे, अशी बाळे रुग्णालयातच वाचतील. दुसरी म्हणे, दारिद्र्य हटल्याखेरीज काहीच होणार नाही. गडचिरोलीने दाखविले की लहान असणे आणि मरणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात थोडी शिकलेली एक गावकरीण उभी राहू शकते. कमी वजनाच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण तेथे ११.३ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आले. पुढे २०११ पासून ‘आशा’ स्वयंसेविकांच्या गृहभेटींच्या रूपाने हा विचार राष्ट्रीय कार्यक्रमात आला. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची, असा क्रम त्यात ठरला आहे.

येथे एक अवांतर. आपल्याकडे पाचवीला सटवाईची पूजा होते, कोठे सहावीला. सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे विधिलिखित लिहिते अशी समजूत आहे. त्या रात्री बाळाजवळ जागण्याची रीत आहे. बाराव्या दिवशी बारसे. बाळ हाती लागले असे मानूनच नाव ठेवावयाचे. नवजात मृत्यूंपैकी मोठा भाग पहिल्या आठवड्यात होतो हे आधुनिक शास्त्र सांगते. तोच आठवडा आपल्या आज्या-पणज्यांनी भीतीचा म्हणून ओळखला होता. त्यांच्याजवळ तराजू नव्हता, एवढेच.

परंतु गडचिरोलीच्या यशातच एक मर्यादा दडलेली आहे, आणि ती प्रयोगाची नसून आपण त्याच्या केलेल्या वाचनाची आहे. या मांडणीत कमी वजन हे मृत्यूचे कारण म्हणून येते. मृत्यू टळला की कारणाचा विषय संपतो. ज्या जिल्ह्यात मुळातच मृत्यू कमी, तेथे तो सुरूच होत नाही. सिंधुदुर्ग हा असा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक होती आणि दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. प्रसूती रुग्णालयात होतात, लसीकरण होते. राज्यातील कमी बालमृत्यूच्या जिल्ह्यांत आपली गणना होते आणि ती आपल्याला सुखावते. राज्याचा अर्भकमृत्यू दरही नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली हजारी १६ पर्यंत खाली आला होता. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ज्या बाळांचे जन्मवजन ज्ञात होते, त्यांपैकी सुमारे एकपंचमांश अडीच किलोखालील होती. मृत्यूची रेषा खाली उतरते तशी वजनाची उतरत नाही. आपल्या शेजारचे श्रीलंका हे या बाबतीत विचार करावयास लावणारे उदाहरण आहे. तेथील अर्भकमृत्यू दर दशकांपूर्वीच युरोपाच्या जवळ गेला. पण साधारणतः दर सहा-सात बाळांत एक बाळ कमी वजनाचे, ही स्थिती तेथे दीर्घकाळ टिकून राहिली. किनारा, साक्षरता, रुग्णालये या बाबतींत सिंधुदुर्गाची तुलना मेळघाटापेक्षा त्या बेटाशी अधिक योग्य ठरेल.

अडीच किलोची रेषा

ही रेषा आली कोठून, हेही पाहिले पाहिजे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या आर्वो युल्प्पो या फिनिश बालरोगतज्ज्ञाने १९१९ साली अपुऱ्या दिवसांचे मूल ओळखण्यासाठी २५०० ग्रॅम ही मर्यादा सुचविली. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० च्या सुमारास तीच स्वीकारली. पुढे ध्यानात आले की अडीच किलोखालील सगळीच बाळे अपुऱ्या दिवसांची नसतात. नऊ महिने भरूनही कित्येक लहान जन्मतात. म्हणून १९६१ पासून ‘अपुऱ्या दिवसांचे’ याऐवजी ‘कमी जन्मवजनाचे’ ही संज्ञा आली.

भारतीय बाळांच्या बाबतीत हा भेद कळीचा आहे. गडचिरोलीच्या उपरोक्त निरीक्षणात कमी वजनाची ४२ टक्के होती, पण अपुऱ्या दिवसांची दहा टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे बहुतेक बाळे वेळेवर आली होती. पोटात वाढ अपुरी झाली होती. या ठिकाणी मराठी भाषेची साक्ष काढावीशी वाटते. लवकर जन्मलेल्या मुलासाठी आपल्याकडे ‘सातमासे’, ‘अठमासे’ असे नेमके शब्द आहेत. जन्मानंतर खंगणाऱ्या मुलासाठी ‘मुडदूस’ आहे. पण पूर्ण दिवसांचे आणि तरीही लहान, अशा बाळासाठी एक शब्द सापडत नाही. ‘नाजूक’, ‘बारीक’, ‘आईच्या अंगाचं’, ‘आमच्याकडं सगळी अशीच’ एवढेच ऐकू येते. जे सर्वांत अधिक प्रमाणात घडते त्यालाच नाव नाही. नेहमीच्या गोष्टीला नाव देण्याची गरज पडत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण असू शकेल. जुन्या बायका मात्र मुलांचे जन्मवजन पौंडांत सांगत : ‘थोरला सात पौंडी, धाकटी पाचच पौंडांची.’ साडेपाच पौंड म्हणजेच सुमारे अडीच किलो. म्हणजे आकडा घरात होता, आठवणीतही होता. त्याला अर्थ जोडलेला नव्हता.

आकड्याच्या नोंदीबाबतही सावध राहावे लागते. घरोघरच्या पाहण्यांत जन्मवजनाची माहिती कार्डावरून किंवा कार्ड नसल्यास आईच्या आठवणीवरून घेतली जाते. अशा आकड्यांत नेमक्या २५०० वर मोठा ढीग साचतो, हे अनेक देशांतील अभ्यासकांनी दाखविले आहे. काटा २४५० दाखवितो, लिहिणारा ‘अडीच’ लिहितो. व्याख्या ‘२५०० पेक्षा कमी’ अशी असल्याने ते बाळ रेषेच्या वर जाते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अडीच हा गोल आकडा आहे. पण या गोलाईत बाळे हरवतात.

पुण्याचा अभ्यास : वजन हे कशाचे चिन्ह?

गडचिरोलीने ‘बाळ जगेल का?’ हा प्रश्न विचारला. जवळजवळ त्याच वर्षांत पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. रंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी दुसरा प्रश्न विचारीत होते : ‘जगलेल्या बाळाचे पुढे काय होते?’ या दुसऱ्या प्रश्नाचा उगम इंग्लंडातील हर्टफोर्डशायर परगण्यात शोधावा लागतो. तेथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यभेटकर्तीच्या देखरेखीखाली परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्माचे व वर्षाअखेरचे वजन वहीत लिहीत असत. या वह्या दशकानुदशके पडून होत्या. डेव्हिड बार्कर यांनी त्या उघडल्या, ती मुले मोठी होऊन कशाने मरण पावली याच्याशी त्यांतील आकडे ताडून पाहिले आणि १९८९ साली असे मांडले की लहानपणी वजनाने कमी असलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळतात. एका खेडोपाडी फिरणाऱ्या परिचारिकेची वही पाऊणशे वर्षांनी वैद्यकशास्त्राची दिशा बदलते, ही कथा मला प्रत्येक आशा व अंगणवाडी सेविकेला सांगावीशी वाटते. त्यांना रोज भराव्या लागणाऱ्या नोंदवह्यांची संख्या पाहता त्या ती कितपत ऐकून घेतील, हा प्रश्न वेगळा.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात गर्भारपणापूर्वीपासून स्त्रियांची मोजमापे घेतली गेली. या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. लक्षणीय बाब अशी की पुण्याची बाळे स्नायूंच्या व पोटातील अवयवांच्या बाबतीत फार लहान होती, पण त्वचेखालच्या चरबीच्या बाबतीत तितकी लहान नव्हती. दिसावयास किडकिडीत, आतून चरबी राखलेली. पुढे मधुमेहाकडे झुकणाऱ्या भारतीय शरीराची घडण पोटातच सुरू होते, असा या मांडणीचा आशय आहे.

डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनी २००१ साली याच अभ्यासातून आणखी एक निष्कर्ष मांडला. गर्भवतीने खाल्लेले एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी स्पष्ट संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळे व दुधाचे पदार्थ यांचा दिसला. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी स्त्रियांच्या कष्टांचे मोजमाप केले : शेतीतील कामे, पाणी भरणे, धुणे. ज्यांच्या वाट्याला अधिक श्रम, त्यांची बाळे लहान, असे चित्र त्यातून पुढे आले.

माझ्या मते हा दुसरा निबंध मराठी वाचकापर्यंत सर्वांत आधी पोहोचावयास हवा होता, आणि तोच पोहोचला नाही. पोहोचला तो आहाराचा उपदेश. गरोदरपणाविषयी मराठीत विपुल पुस्तके निघतात, गर्भसंस्कारांची तर स्वतंत्र बाजारपेठ झाली आहे. या लेखनातील स्त्रीजवळ वेळ असतो, स्वयंपाकघरात तिचा शब्द चालतो, दूध व फळे तिच्या आवाक्यात असतात आणि दुपारी ती विश्रांती घेऊ शकते. बाळ लहान झाले तर दोष साहजिकच तिच्या निष्काळजीपणावर जातो. पुण्याच्या अभ्यासातील ४२ किलोची, डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री या पुस्तकांच्या पानांवर कोठेही भेटत नाही. शास्त्रीय संशोधनातून समाजाची जबाबदारी सांगणारा भाग गळून जावा आणि स्त्रीची जबाबदारी सांगणारा तेवढा टिकून राहावा, हा अनुवादाचा दोष नाही. तो निवडीचा दोष आहे.

या संशोधन परंपरेलाही प्रश्न विचारता येतात. मुंबईच्या वस्त्यांत ‘सारस’ या प्रकल्पात पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून दररोज देण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनात निश्चित फरक दिसला नाही. गर्भधारणेआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाळांत तो सरासरी ४८ ग्रॅम इतका दिसला. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे एक मध्यम लिंबू. हा आकडा पाहून निराश होणे सोपे आहे. परंतु त्याचा सरळ अर्थ असा घेता येतो की आईच्या संपूर्ण वाढीत जे राहून गेले, ते काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. आणि जे निघते तेही आधी सुरुवात केली तरच. आपल्या बहुतेक योजना मात्र गर्भवतीच्या नोंदणीपासून सुरू होतात. बाळाच्या वजनाचे मूळ तिच्या किशोरवयात, म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या मुलीत आहे, ही जाणीव आरोग्य विभागाइतकीच आपल्यालाही व्हावयास हवी. सकाळी सातच्या एस.टी.ने उपाशी येणाऱ्या आणि दुपारी दोनला घरी जाऊन जेवणाऱ्या विद्यार्थिनी प्रत्येक अध्यापकाने पाहिलेल्या आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन आपण शिबिरात तपासतो, छायाचित्र काढतो आणि अहवाल पाठवितो.

देवगडचे पान

रूढ भूगोलाचा परिणाम धोरणावर कसा होतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. राज्य शासनाने २०१५ साली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा शिजवलेला सकस आहार अंगणवाडीत मिळावा, ही तिची कल्पना आहे. ती अनुसूचित क्षेत्रासाठी आहे आणि सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्र नाही. गरज जेथे सर्वांत तीव्र तेथे आधी जाणे योग्यच आहे. त्याविषयी तक्रार नाही. पण त्यामुळे प्रश्न तेथेच आहे, अशी समजूत पक्की होऊ नये.

आपल्या तालुक्यातील गर्भवतीचे वर्ष कसे जाते हे कोणी लिहिलेले नाही. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या वाड्यांत पाणी लांबून आणावे लागते. त्याच दिवसांत आंब्याची निवड, भरणी, पेट्या. मृग लागला की तरवा, मग लावणी. कमरेत वाकून दिवसचे दिवस चिखलात. किनाऱ्यावरच्या बायकांना मासळीच्या पाट्या आणि सुकवण. घरात मासे आहेत, म्हणजे आहार उत्तम, असे आपण गृहीत धरतो. बाजारात गेलेला मासा आणि तिच्या ताटात आलेला मासा यांची मोजणी कोणी केलेली नाही. आधी पुरुषांना वाढून मग उरलेल्यात जेवण्याची रीत कोकणात नाही, असे म्हणण्याचे धाडस निदान मी करणार नाही. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून शेवटच्या महिन्यांत बेताने खावे, हा सल्ला भारतात अनेक ठिकाणी दिला जातो. तो मी देवगडातही ऐकला आहे, तोही शिकलेल्या घरात.

शिवाय या तालुक्यातील काही बाळे आपल्या कोणत्याच नोंदीत नीट बसत नाहीत. आंबाबागांत राखणीला व कामाला येणारे नेपाळी कामगार आणि चिरेखाणींवर घाटावरून, कर्नाटकातून येणारी कुटुंबे हंगामाबरोबर येतात-जातात. गर्भवतीची नोंद एका ठिकाणी, प्रसूती दुसरीकडे आणि बेचाळिसाव्या दिवशीची भेट कोठेच नाही, असे होऊ शकते. आपल्या स्वतःच्या घरांतही मुंबई आहेच. पहिल्या बाळंतपणाला लेक मुंबईहून माहेरी येते, तीन महिन्यांनी परत जाते. तिचे कार्ड तिच्याबरोबर जाते. आजीच्या तोंडी फक्त ‘बाळ सुखरूप’ एवढी नोंद उरते.

ज्या पोटाच्या कामांत पुण्याच्या अभ्यासकांनी बाळाचे वजन शोधले, त्या कामांचे वर्णन करण्यास लागणारी सामग्री वैद्यकीय अधिकाऱ्यांपेक्षा आपल्या महाविद्यालयांतील मराठी, अर्थशास्त्र, भूगोल व गृहविज्ञान या विभागांकडे अधिक आहे. विद्यार्थ्यांच्या आया हीच कामे करीत आल्या आहेत. बहुविद्याशाखीय हा शब्द आपण परिसंवादांच्या पत्रिकेवर छापतो. येथे त्याला खरोखर काम आहे.

पुढच्या शिबिरात आम्ही प्रपत्र बदलले. बालमृत्यूच्या रकान्याशेजारी दोन वर्षांखालील प्रत्येक बाळाचे जन्मवजन ग्रॅममध्ये, कार्ड पाहून लिहावे, गोल करू नये, अशी सूचना छापली. आणखी एक ओळ घातली : सातव्या महिन्यानंतर आईने कोणती कामे केली. दुसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रपत्र घेऊन आली. एका घरची सून बाळाला घेऊन गणपतीनंतर मुंबईला गेली होती, कार्ड तिच्यापाशी, आणि सासूला वजन आठवत नव्हते. ‘मॅडम, इथं निरंक लिहू?’ असे तिने विचारले. ‘निरंक’ लिहू नकोस, ‘बाळ आहे, नोंद मिळाली नाही’ असे लिही, असे तिला सांगितले. रकाना लहान होता. तिने ते समासात लिहिले.